रत्ना स्नो आणि काजळाची डबी

९ जुलै १९८१, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठ्या धंद्याची माणसं लिहितात म्हणे. मी धंदा अजून सुरू केला नाही, पण रोजनिशी आधी असलेली बरी.
तीस वर्षं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. सानगडीत असं एक पोट नाही ज्यात माझं मिक्श्चर गेलं नाही. लाल खोकल्याचं, पांढरं पोटाचं. ज्याला मिक्श्चर जमतं त्याला तोंडाला लावायचा स्नो का जमू नये? पुढचा जमाना ब्युटीचा आहे.
ही, म्हणजे माझी बायको, चैत्रात गेली. घर शांत आहे. त्रास असा काही नाही. भूक लागते, झोप येते. शेजारची जनाबाई भाजी आणून देते. भाजी कशाची होती ते नंतर आठवत नाही, एवढंच.
निश्चय: रोज पाचला उठणे.

११ जुलै
आठला उठलो. पाऊस होता.
कंपनीचं नाव ठरलं. रत्ना कॉस्मेटिक्स, सानगडी, ता. साकोली. हिचं नाव छापायला सोपं, दोनच अक्षरं. दुसरं काही कारण नाही.
तसा हा घरचाच धंदा. ही काजळ करायची. गावात बाळ झालं की पाचवीच्या पूजेला हिचंच काजळ. पण एक पैसा घ्यायची नाही, लेबल नाही, मॅनेजमेंट नाही. टेक्निकल बाजू मी पाहायचो. म्हणजे तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं.

१६ जुलै
करडीहून वच्छलाचं पत्र. माझी एकुलती एक लेक. पाचवा महिना लागला, नोव्हेंबरात बाळंतपणाला माहेरी येणार. हिला हे सांगायचं राहिलं.
पत्राच्या शेवटी लिहिलं आहे, ‘बाबा, आईची काजळाची डबी जपून ठेवजा. बाकी काही नको. पाचवीले बाळाच्या डोळ्यात आईचंच काजळ घालीन.’
डबी देवाजवळ आहे. पितळेची, अर्ध्याच्या वर भरलेली. कॉस्मेटिक्सवाल्या बापाच्या घरी काजळाची काय चिंता? पत्राला उत्तर उद्या.

२२ जुलै
आज महत्त्वाची खरेदी. स्नो आटवायला मोठं भांडं लागतं. दारावर भांडेवाली आली होती. ट्रंकेतली माझी सगळी जुनी धोतरं दिली, नऊ होती. अ‍ॅल्युमिनियमचं एक गंज मिळालं, चांगलं खोल पातेलं. भांडेवालीने धोतर हातात चोळून पाहिलं, म्हणाली लय मऊ आहे. मी म्हटलं, जुनं आहे.
मागच्या महिन्यात टेरिकॉटच्या दोन पँटी शिवल्या होत्या. आता त्याच घालणार. कंपनीचा मालक धोतरात शोभत नाही. ट्रंक रिकामी झाली. बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं नाही.
वच्छलाला उत्तर राहिलं.

३ ऑगस्ट
नागपूरहून माल आला. स्टिअरिक अ‍ॅसिड, कॉस्टिक, ग्लिसरीन, गुलाबाचा सेंट. पहिला घाणा आज.
कॉस्टिक गंजात टाकलं तसं गंज खदखदायला लागलं. चूल पेटवलीच नव्हती. फेस वर आला, गंज आतून काळं पडलं, स्नोचा रंग राखेसारखा. जनाबाई भिंतीपलीकडून विचारत होती, भाऊ काय जळून राहिलं? मी सांगितलं, रिसर्च सुरू आहे.
कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात टाकू नये, हे मला माहीत होतं. पावसाळी हवेमुळे लक्षात राहिलं नाही.

१४ ऑगस्ट
दुसरा घाणा इनॅमलच्या घमेल्यात. पांढराशुभ्र! दवाखान्याच्या मिक्श्चरच्या जुन्या साठ बाटल्या घरात पडून होत्या. गरम असतानाच नरसाळ्याने भरला, लेबलं चिकटवली.
सायंकाळी ६. स्नो थंड झाला. आता तो बाटलीतून बाहेर येत नाही. तोंड अरुंद, स्नो घट्ट. उलटी केली, आपटली, काडी घातली. काडी आत राहिली.
घट्टपणा हे शुद्धतेचं लक्षण आहे.

३० ऑगस्ट, बाजारानंतर
बाजारात चादर अंथरून बसलो. विक्री नाही. बायका बाटली हातात घेतात आणि विचारतात, किती वेळा प्यायचं? मी सांगतो तोंडाला लावायचं. मग त्या बाटली खाली ठेवतात.
घरी येताना आयडिया सुचली. स्नोसोबत एक काडीभर काजळ फ्री. नागपूरच्या कंपन्या अशाच स्कीमा काढतात. डबीतलं थोडंसं गेलं तरी कळणार नाही.

६ सप्टेंबर
स्कीम जबरदस्त. ‘रत्नाबाईचं काजळ’ म्हणताच बायका गोळा झाल्या. चिंधीवर, पानावर, एकीने तर नखावर नेलं. स्नो कोणीच नेला नाही. दोघींनी सकाळी नेला होता, त्यांनी दुपारी परत आणला.
पण नाव बघा. सगळ्या बाजारात रत्ना, रत्ना. असं नाव व्हायला कंपन्यांना वर्षं लागतात. एक म्हातारी काजळ घेऊन पाया पडली. माझ्या नाही, डबीच्या.

२० सप्टेंबर
बाजार. काजळ संपत आलं. डबीचा तळ एका बाजूने दिसतो.
जनाबाई आज चिडली. म्हणे वच्छलासाठी ठेवा, असं वाटत काय सुटले. मी शांतपणे समजावलं, स्टॉक संपला की प्रॉडक्शन करायचं असतं. काजळ म्हणजे काय? काजळी आणि तूप. तिने विचारलं, कधी करून पाहिलं का? मी तीस वर्षं मिक्श्चर बनवल्याचं सांगितलं. ती घरात निघून गेली. भाजी दिली नाही.

२७ सप्टेंबर
शेवटची काडी आज एका बाळंतिणीच्या आईला दिली. नाही म्हणवेना. ती म्हणाली रत्नाबाई असती तर तिने दिलं असतं. आता डबी रिकामी.
निश्चय: उद्यापासून प्रॉडक्शन. वच्छला येईपर्यंत डबी काठोकाठ.

५ ऑक्टोबर
उद्यापासून म्हटलं होतं, पण एवढे दिवस हवा दमट होती.
आज दवाखान्याच्या कापसाची वात केली, एरंडेलाचा दिवा, वर पितळेचं ताट उपडं. दोन तास बसलो. काजळी आली, खरखरीत, वाळूसारखी. हिचं लोण्यासारखं असायचं. ही दिवा लावून बसायची तेव्हा मी पेपर वाचत असायचो. कधी मान वर केली असती तर दिसलं असतं. पेपरात काय होतं तेही आता आठवत नाही.

९ ऑक्टोबर
नवीन पद्धत. कंदिलाच्या काचेची घासलेटची काजळी, भरपूर आणि फुकट. मालाची टेस्ट आधी मालकाने घ्यावी, म्हणून स्वतःच्या डोळ्यांत घातलं.

१० ऑक्टोबर
डोळे लाल. पाणी थांबत नाही. काळं ओघळून शर्टावर.
रेशन दुकानाच्या रांगेत लोकांनी पाहिलं. आधी एकाने खांद्यावर हात ठेवला. मग दुसऱ्याने. दुपारी तीन बायका डबे घेऊन आल्या. वरण, भाकरी, वांग्याची भाजी. कोणी म्हणालं, बरं झालं भाऊ, एकदाचे मोकळे झाले. सहा महिने दगडासारखे हिंडत होते.
मी सगळ्यांना सांगितलं, मी रडलो नाही, घासलेट आहे. कोणी ऐकलं नाही. एक तर माझंच ऐकून रडायला लागली.
भाजी चांगली होती. वांग्याची.

१८ ऑक्टोबर
डोळे बरे. वातीसाठी आता आधुनिक कापड वापरायचं ठरवलं. टेरिकॉट. पँटीच्या पायाची पट्टी काढली, तशीही लांब होती. पेटवली तर पेटण्याऐवजी वितळली, आणि काळे थेंब टपटप दिव्यात. घरभर असा वास की जनाबाईने खिडक्या लावून घेतल्या.
एक पँट आता आखूड आहे. उन्हाळ्यात चालेल.

२ नोव्हेंबर, मंडईहून आल्यावर
दिवाळी झाली, मंडया सुरू झाल्या, गावोगावच्या जत्रा. आज आपल्या गावची. मंडईत दुपारी दंडार होती, नाचगाण्याचा खेळ. दंडारीत बाईचं सोंग घेणारा सुखराम परवा स्वतःहून आला होता. म्हणाला, काका, तुमचा पांढरा रंग द्या. मी दुरुस्ती केली, रंग नाही, स्नो. बाटली फोडून दिला. कंपनीचं पहिलं मोठं गिऱ्हाईक.
तोंडाला थर लावून सुखराम उन्हात नाचायला उतरला. थर वाळला. मग सोंगातल्या बाईचा नवरा मरतो तो भाग आला. सुखराम छातीवर हात मारून रडायला लागला, पण तोंड तसंच. कपाळ नाही, गाल नाही, काहीच हलेना. नुसता आवाज रडत होता. लोक हसून हसून खाली बसले. मग हनुवटीपाशी तडा गेला आणि पोपडे पडले.
नंतर सुखराम भेटला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, ‘काका, आतून रडू येऊन राहिलं होतं, पण तोंड हालूनच नाही राहिलं.’
फॉर्म्युल्यात ग्लिसरीन वाढवावं लागेल.

१२ नोव्हेंबर
वच्छला परवा येणार. धान कापणीमुळे सासरहून सोडायला उशीर झाला.
डबी घासली. रत्ना स्नोने पितळ फार चांगलं निघतं, हे जनाबाईच्या ध्यानात आलं. ती चार बाटल्या घेऊन गेली. डबी बाहेरून अशी चकचकते की तोंड दिसावं. आत पाहिलं नाही.

१४ नोव्हेंबर
वच्छला आली. पोट मोठं, पाय सुजलेले. दारातच म्हणाली, बाबा, वाळले तुम्ही. डबीकडे पाहून हात जोडले. उघडली नाही. पाचवीलाच उघडीन म्हणाली.
मी सांगणार होतो. पण ती प्रवासाने थकली होती.

१७ नोव्हेंबर
आज वच्छलाने ट्रंक उघडली. बाळाला लंगोट, दुपटी करायला माझी जुनी धोतरं पाहिजे होती. जुन्या धोतराइतकं मऊ काही नसतं म्हणे. ट्रंकेत आखूड पँट होती.
सगळं सांगितलं. भांडेवाली, गंज. डबीचं सोडून. तिने नुसतं ‘नऊही?’ विचारलं. जनाबाई तिथेच बसली होती. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, ‘काहो भाऊ, रत्ना काजळाची वात तुमच्याच धोतराची करे. तीन-चार वर्षं अंगावर घालून मऊ झालेलं पाहिजे, माक्याच्या रसात भिजवून सावलीत वाळवे. नव्या कापडाचं काजळ लेकराच्या डोळ्याले टोचते म्हणे. तुमाले नाही ठाऊक?’
मला आठवलं, ही दर तीन-चार वर्षांनी म्हणायची, आता हे धोतर टाका. मी म्हणायचो, फाटलं कुठं, तुला काहून घाई? ती म्हणायची, फाटायच्या आधीच पाहिजे. मला वाटायचं, हिला नीटनेटकेपणाची हौस.
म्हणजे धंद्यात माझाही वाटा होता. धोतराचा.

२८ नोव्हेंबर, पहाटे
मुलगी झाली. दोघी ठीक. डोळे मोठे आहेत. हिच्यासारखे आहेत असं वच्छला म्हणते. मी पाहिले. मले तसंच वाटलं.

२ डिसेंबर
पाचवी. पाटावर सुपारी, तांदूळ, दिवा. वच्छला बाळ मांडीवर घेऊन बसली. जनाबाईने डबी पुढे ठेवली. मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो, मग परत आत आलो.
वच्छलाने डबी उघडली. पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘वाटून टाकलं मी. लोकं तुझ्या आईचं नाव घेऊन मांगत होते. मले कोणी तिचं नाव घेतलं की बरं वाटे.’
हे मला माहीत नव्हतं. बोललो तेव्हा कळलं.
ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने आगपेटीतली काडी घेतली, झाकण जिथं बसते त्या खाचेत फिरवली. हळूहळू. काडीच्या टोकाले थोडंसं काळं आलं. डोळ्यांत घालण्याजोगं नाही. बाळाच्या कानामागे एक तीट लावली. संपलं.
माझ्या डोळ्याले पाणी आलं ते थांबेना. जनाबाईने विचारलं, भाऊ, पुन्हा घासलेट का?
घासलेट नव्हतं.

९ डिसेंबर
रत्ना कॉस्मेटिक्स बंद. उरलेल्या बाटल्या जनाबाई भांडी घासायला घेऊन गेली.
गावातल्या भैयाजीच्या कापडदुकानातून नवीन धोतर आणलं. वच्छलाने विचारलं, बाबा, एवढ्या थंडीत धोतर काहून? मी सांगितलं, वातीसाठी. तिच्या दुसऱ्या लेकराले तरी काजळ झालं पाहिजे.
सकाळी नेसलो. फार कडक आहे, चालताना आवाज येते. तीन-चार वर्षं घालायचं आहे.