आषाढातली मरळ

आई,

येत्या रविवारी सदाशिव पेठेत, एका क्लासच्या हॉलमध्ये, आमच्या मंडळाची सभा आहे. गळानं मासे धरणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ. असं मंडळ असतं आणि मी त्याची अध्यक्ष आहे, हे ऐकून तू हसली असतीस. दरवर्षी आषाढात हे मंडळ मरळीची स्पर्धा घेतं आणि ती हिवाळ्यात न्यावी असा ठराव मी मांडला आहे. कारण तुला सांगायला नको, पण या सभासदांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं: आषाढात मरळ पिल्लांवर असते. पिल्लांजवळ जे येईल त्याच्यावर ती तुटून पडते, भूक असो वा नसो. म्हणून त्या दिवसांत तिला धरायला अक्कल लागत नाही, आणि अक्कल लागत नाही म्हणूनच स्पर्धा त्या दिवसांत ठेवली आहे. गेल्या रविवारच्या सभेत मी हे याच शब्दांत सांगितलं. चाळीस वर्षं मी कामगारांच्या, शिक्षकांच्या, वस्तीतल्या बायकांच्या सभांतून बोलते आहे; बोलताना माझी जीभ कधी अडली नाही. त्या दिवशी एका साध्या प्रश्नावर अडली. तो प्रश्न तुला सांगायचा आहे. पण त्याआधी तुझे तीन दिवस मला नीट आठवून घ्यायचे आहेत, कारण माझ्या ठरावात जे काही खरं आहे ते त्या तीन दिवसांतून आलेलं आहे.

पहिला दिवस जयंतीचा. मी सतरा वर्षांची होते. विहारापुढं मांडव घातलेला, आणि मी पहिल्यांदाच माईकसमोर उभी. वाचनालयातली पुस्तकं नुकतीच डोक्यात शिरली होती आणि ती सगळी एकदम बाहेर यायला बघत होती. मी आवाज चढवून म्हणाले, ‘सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी जिवंत बेडूक गळाला टोचायचा, हे कुठलं शील?’ टाळ्या पडल्या. वस्तीत गळ टाकणारी बाई एकच होती आणि ती तिसऱ्या रांगेत बसली होती. तू खाली बघितलं नाहीस. टाळ्या संपेपर्यंत माझ्याकडेच बघत राहिलीस. घरी आलो. जेवायला बसलो तेव्हा माझ्या ताटात मटणाचा रस्सा वाढत म्हणालीस, ‘घे. बोकड सुखानं मेलाय.’ बाबा ठसका लागेपर्यंत हसले. मी ताटावरून उठले, आणि अर्ध्या तासानं भूक लागली म्हणून परत येऊन जेवले.

दुसरा दिवस पुढच्या रविवारचा. सकाळी तू स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी आहेस. गणवेश शिवायच्या कारखान्यात तू कापणीला होतीस. शेकडो चड्ड्यांचं कापड एका वेळी कापणारा तुझा हात. समोर तुझीच जुनी रबरी चप्पल आहे. तिच्या तळव्यावर तू खडूनं बेडूक आखते आहेस, जसा शर्टाचा खांदा आखावा तसा. सुरीनं तो कापतेस, कडा घासून गोल करतेस. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या मागं ओवतेस, ते पाय. दोन गळ पाठीवर बसवतेस, टोकं वर करून, म्हणजे पाणवेलीत अडकायचे नाहीत. मग तो बेडूक माझ्यापुढं टाकून म्हणतेस, ‘तुझ्या भाषणातलं एवढं पटलं. जित्या बेडकाला टोचणं वंगाळच हाय. मासा मात्र मी धरणार. चल, दाखवते.’ माझ्या भाषणांना त्यानंतर हार मिळाले, शाली मिळाल्या, दोनदा पोलिसांच्या नोटिसाही मिळाल्या. पण ऐकणाऱ्यानं घरी जाऊन स्वतःची चप्पल कापली, असं पुन्हा कधी झालं नाही.

त्या दिवशी खडकवासल्याच्या पुढं, तुझ्या माहेरच्या गावाच्या कडेला, धरणाचं पाणी जिथं शेतात शिरतं तिथं आपण गेलो. तू मला बांबूची लांब काठी दिलीस, काठीएवढाच दोरा आणि टोकाला तो चपलेचा बेडूक. पानांवर बेडूक टेकवायचा, उचलायचा, थांबायचं. पुन्हा टेकवायचा. मला थांबणं जमत नव्हतं. पाणी फुटलं, बेडूक गडप झाला, आणि मी हिसका दिला. दोरा मोकळा परत आला. ‘तोंडात धरलाय फक्त,’ तू म्हणालीस. ‘तोंड मिटू दे की तिला. एक श्वास घे, मग उचल. तुला सगळ्यांच्या आधी बोलायची सवय हाय ना, म्हणून सुटली.’ त्या एका श्वासाचा उपयोग मी पुढं व्यासपीठावर आयुष्यभर केला. लोकांना वाटलं ती माझी शैली आहे.

तिसरा दिवस त्यानंतरच्या आषाढातला. पाण्यावर एका ठिकाणी भाताला आधण आल्यासारखे बुडबुडे येत होते. तू माझा दंड धरलास. ‘पिल्लं,’ म्हणालीस. लालसर, काडीएवढी, शेकडो. सगळी एकदम श्वास घ्यायला वर येत होती आणि एकदम खाली जात होती. ‘लाल दिसलं की काठी खाली. खाली त्यांची आई हाय.’ आपण काठ्या खाली ठेवल्या. तेवढ्यात बांधापलीकडचा एक माणूस आला, त्यानं नेमका तिथंच गळ टाकला आणि दुसऱ्या टप्प्याला मरळ उचलली. पिशवीत घालून तो शीळ घालत निघून गेला. मग चिलापी मासळ्या आल्या, पिल्लांवर टपलेल्या. आधी दोन, मग वीस. लाल घोळका एका कडेनं कमी होऊ लागला. मी मान फिरवली तर तू ओरडलीस, ‘बघ! मान फिरवू नको. विहारात लई बोलत होतीस. कर आता भाषण, चिलापीला कळतंय का बघू.’ आणि लुगडं खोचून तू गुडघाभर पाण्यात उतरलीस. काठीनं पाणी बडवत, त्या पिल्लांभोवती फेऱ्या घालत राहिलीस. मीही उतरले. शेवटची एसटी वरच्या रस्त्यानं गेली, तिचा आवाज आपण दोघींनी ऐकला, आणि तू काठी खाली ठेवली नाहीस. किती पिल्लं वाचली मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं. मामाकडं चालत जाताना मी विचारलं, ‘उपयोग झाला का गं?’ तू म्हणालीस, ‘दिसलं म्हणून केलं. न दिसतं तर झोपले असते.’

आता गेल्या रविवारची सभा. हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा उठला. ‘मॅडम, पण आपण कॅच अँड रिलीज करतो ना! फोटो, वजन, आणि बॅक टु वॉटर. मग इश्यू काय आहे?’ मी त्याला चिलापींची गोष्ट सांगितली. म्हणाले, तुझा फोटो नीट येईपर्यंत दहा मिनिटं जातात. मरळ परत जाते तेव्हा सांभाळायला काही उरलेलं नसतं. ठराव मंजूर होणार हे मला कळलं, श्रोत्यांचा श्वास कळतो तसं. मग बँकेतून निवृत्त झालेले, पेठेतलेच एक जुने सभासद चष्मा पुसत उभे राहिले.

‘अहो ताई, रागावणार नसाल तर एक विचारू?’

‘विचारा.’

‘भिंतीवर आपला फोटो आहे. सव्वातीन किलो, मंडळाचा विक्रम. ती मरळ कुठल्या महिन्यातली म्हणे?’

‘आषाढातली,’ मी म्हणाले.

‘अरे वा. आणि तिची पिल्लं?’

इथं माझी जीभ अडली. मग मी म्हणाले, ‘पाणी गढूळ होतं. मला पिल्लं दिसली नाहीत.’

‘झालं तर मग!’ ते हसत खाली बसले. ‘आम्हालाही दिसत नाहीत, ताई. आमचा तर मोतीबिंदू झालाय.’

हॉलभर हशा पिकला आणि त्या हशातच दुरुस्ती आली: स्पर्धा आषाढातच ठेवावी, मात्र ज्याला पिल्लं दिसतील त्यानं गळ टाकू नये. किती सोयीचा नियम! न दिसणाऱ्यांचा नियम. जगात जिथं जिथं अन्याय टिकतो तिथं तो याच नियमावर टिकतो, हे मी शंभर सभांत ओरडून सांगितलं आहे. आणि इथं तो नियम माझ्याच तोंडातून निघाला. येत्या रविवारी त्या दुरुस्तीवर मतदान होईल.

फोटोतली ती पहिली स्पर्धा तू गेल्यानंतर दोन वर्षांनी झाली. काठावर मी एकटी बाई. एकानं विचारलंही होतं, ‘ताई, स्वयंपाक उरकून आलात ना?’ मला जिंकायचं होतं. माझ्यासाठी आणि बहुतेक तुझ्यासाठीही, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. पाणी गढूळ नव्हतं, आई. बुडबुडे समोर होते, लाल रंग समोर होता. मी एक श्वास घेतला, तू शिकवलेला, आणि पिल्लांच्या मधोमध बेडूक टाकला. वजनकाट्याकडं जाताना मागं पाण्यात काय चाललंय ते मला ठाऊक होतं. मी मान फिरवून घेतली.

रविवारी मी सगळ्यात आधी बोलणार आहे. ठरावाबद्दल नंतर, आधी हे, की मला पिल्लं दिसली होती. फोटो मी स्वतः उतरवणार आहे. ते हसतील, अध्यक्षपद जाईल, पेठेत महिनाभर चहाबरोबर माझं नाव निघेल. निघू दे. दिसलं नाही म्हणायची सोय त्या हॉलमध्ये कुणालाही उरता कामा नये, आणि ती आधी मीच बंद केली पाहिजे. ठराव पडला तर आषाढात मी काठावर जाऊन उभी राहीन, बुडबुडे दिसतील तिथं बोट दाखवून मोठ्यानं ओरडेन. आवाज अजून चांगला आहे.

कागद न घेता बोलणारी मी, ते एक वाक्य आधी लिहून बघावं म्हणून हे पत्र लिहायला बसले. हे कुठं टाकायचं नाही, तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. तू समोर ओट्याशी उभी असतीस आणि ‘दिसली होती का गं?’ एवढंच विचारलं असतंस, तर तुलाही मी पाणी गढूळ होतं असंच सांगितलं असतं.