डाग सांगितलाय

संगमनेर,
९ जानेवारी २०२५

ती. आबांच्या चरणी श्रीमंतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. फोन केला की तुम्ही दोन शब्द बोलता, मग धाप, मग खोकला, आणि मी इकडे हॅलो हॅलो करत बसतो. वाचायला दम लागत नाही, म्हणून आता लिहायचंच ठरवलंय. माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, पण निम्मं आयुष्य खाणीतल्या अंधारात बघितलेल्या डोळ्यांना ते लागावं.

तपासणी शिबिरात काढलेली तुमची एक्स-रेची फिल्म परवा नगरला छातीच्या डॉक्टरांना दाखवली. वडील काय करतात विचारलं, तर मी आपला शेती म्हणालो. त्यांनी फिल्म खिडकीला धरली आणि म्हणाले, शेती कसली, कोळशाची? मी गारच. मग सगळं सांगितलं, की उमेदीची वर्षं चंद्रपूरकडच्या खाणीत गेली, शेती घोडेगावला परत आल्यानंतरची. ते म्हणाले, थुंकीचे रिपोर्ट स्वच्छ आहेत, ही टीबी नव्हे. कोळशाची धूळ छातीत बसलीय. ती कुणाला लागत नाही. तेव्हा आक्काबाई आत्याला सांगा, तुमचं वेगळं ठेवलेलं ताट आणि तांब्या मांडणीत सगळ्यांच्यात लावून टाक.

मी सध्या दुधाच्या टँकरवर क्लीनर आहे. ड्रायव्हर फार देवभोळा, प्रत्येक वळणावर एक हात जोडतो, आणि ह्या रस्त्याला वळणं काय कमी आहेत? परवा एकदा दोन्ही हात जोडले, तेव्हा मीही देवाचं नाव घेतलं. इथली थंडी अशी, की दूध टाकीत बसेल आणि आम्ही बाहेर गोठू.

हां, मुख्य राहिलंच. डॉक्टरांनी छातीला उजव्या अंगाला, वरच्या बाजूला, डाग सांगितलाय. लांबवायचं नाही, लवकर उरकायचं म्हणाले. टँकर सुटतोय, बाकीचं पुढच्या पत्रात.

लोभ असावा, खोकला नसावा.

तुमचा,
श्रीमंत


घोडेगाव,
१५ जानेवारी २०२५

चि. श्रीमंत यास ज्ञानेश्वरीताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

सोबत तिळगूळ आहे. पाकिटात चुरा होईल, तरी खा आणि धड लिहायला शिक, कारण तुझ्या लिहिण्यापायी काल आबा भाजले असते. थट्टा करत नाही.

तू लिहिलंस, डॉक्टरांनी छातीला डाग सांगितलाय, लवकर उरकायचं म्हणाले. आबांनी ते आत्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्याच्या लेखी डाग म्हणजे एकच, तापल्या सळईचा, बैलाचा खांदा धरला की देतात तो. तिला आनंदच झाला. म्हणाली, इतक्या दिवसांत एक तरी शहाणा डॉक्टर भेटला, आन् त्यापायी नगरला कशाला जायचं, आपल्या जनावरांच्या बाजारातला डाग देणारा काय मेलाय का? लगेच त्याला बोलावणं धाडलं. माझं सासर दोन घरं सोडून, म्हणून निभावलं. वाण घेऊन सहज डोकावले, तर चुलीत सळई लाल झालेली, आणि आबा बंडी काढून पाटावर बसलेले. मी ओरडतच सळई बादलीत कोंबली.

मग त्यांना समजावलं, की हा डाग फोटोत दिसतो तो, द्यायचा नव्हे. आत्यानं तुझा उद्धार केला, की मुडद्याला ठिपका म्हनता येत न्हाई व्हय! आबा इतके हसले, इतके हसले, की पुढं खोकून डोळ्यांना पाणी आलं.

पण तू अर्धवट सोडलेलं मी डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. स्कॅन करायचा, मग सुई घालून तुकडा काढायचा, कॅन्सर आहे का बघायला. हे सांगितलं आणि आबांचं हसू पुसलं गेलं. म्हणाले, म्या न्हाई यायचा. सळईला उघडी छाती देणारा माणूस सुईला नको म्हणतो, बघ! खाणीत त्यांच्या पाळीतले भीमाकाका आठवतात ना? ते अशीच सुई लावून घ्यायला नागपूरला गेले आणि पुढचा पोळा त्यांनी बघितला नाही. सुई लागली की गाठ चवताळते, हे आबांच्या मनात घट्ट बसलंय. माझं ऐकत नाहीत. तुझं पत्र मात्र उशाखाली घेऊन निजतात. तेव्हा तूच लिही, आणि या खेपेला शब्द निवडून लिही.

माया आहे म्हणून रागावते.

तुझी,
ताई


शिर्डी,
२१ जानेवारी २०२५

ती. आबांस श्रीमंतचा शि. सा. न. वि. वि.

ताईचं पत्र टँकरच्या मालकाकडून फिरत फिरत मिळालं. टँकर सोडला. देवभोळा ड्रायव्हर एकदा हात जोडून झोपलाच, तेव्हा मी उतरलो तो कायमचा. सध्या इथं फुलांच्या दुकानात हार गुंफतोय. गुलाब दिसतो मऊ, पण बोटांची चाळणी करतो. आत्याला माझा साष्टांग दंडवत, आणि सांगा, इथून पुढं ठिपकाच म्हणेन.

काल मुद्दाम एसटीनं नगरला जाऊन डॉक्टरांना तुमचाच प्रश्न विचारला, की सुईनं गाठ चवताळते का? ते हसले नाहीत. म्हणाले, लोक इतक्या उशिरा येतात, की सुईनंतर थोड्या दिवसांत जातात, आणि नाव सुईचं होतं. सुईला काहीच जोखीम नाही असंही नाही. कधी छातीतली हवा गळते, म्हणून ठेवून घेतात आणि लक्ष देतात. पण गाठ चवताळत नाही.

मग विचारलं, कोळशानं कॅन्सर होतो का? त्याला ते सरळ हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. नुसत्या कोळशाच्या धुळीचं अजून कुणी छातीठोक सांगत नाही. पण खाणीत दगडही फुटतो, त्याची धूळ वाईट, आणि वर तुमची बिडी. शिवाय धूळ साठून साठून तिचीच गाठ होते, ती फोटोत हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. कुठली कोणती, ते आत बघितल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

आबा, गणित न सोडवता मी पुस्तकाच्या मागचं उत्तर बघायचो, तुम्हाला माहीतच आहे. ह्याचं उत्तर मागं छापलेलं नाही. आज एका गिऱ्हाइकाला मी अर्धाच हार बांधून दिला, त्यानं देवळाच्या रांगेतून परत येऊन शिव्या घातल्या. हात चालतात, डोकं घोडेगावात.

एक विचारू? सळईपुढं बसणारा माणूस सुईला भीत नसतो. भीमाकाकांचं एकट्याचं कारण मला पुरेसं वाटत नाही. खरं काय ते लिहा.

तुमच्या पायाशी मन ठेवून,
श्रीमंत


घोडेगाव,
२७ जानेवारी २०२५

चि. श्रीमंत यास कारभारीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लई दिसांनी पेन धरला. आक्का म्हंती, एवढं काय लिवायचं, फोन लाव. तिला काय कळतंय. हितं मदीच थांबलं तरी कुनी हॅलो हॅलो करत न्हाई.

खाणीत पाळी सुटली की आमाला गुळाचा खडा द्यायचे. गुळाबरुबर धूळ खाली उतरती म्हनायचे. आमी समदे काळ्या तोंडानं गूळ चघळत वर यायचो, भीमा तर माझ्यातलाबी मागून घ्यायचा. मला वाटायचं, आजची धूळ आज गेली. आता कळतंय, राहिली.

तू वळखलंस. भीमाचं खरं हाय, पन तेवढंच न्हाई. थंडीच्या दिसात उजाडायच्या आदी खाली उतरायचं, मावळल्यावर वर यायचं. सूर्य दिसायचा तो सुट्टीच्या दिशी. तवाच ठरवलं हुतं, आपलं पोर उघड्यावर वाढंल. तू शाळा सोडून पळाला तवा तुझी आई, देवाघरी सुखी असू दे तिला, लई रडली. मी वरून रागावलो, पन आतून बरं वाटलं. लोक म्हंत्यात, कारभाऱ्याचं पोर एका जागी टिकत न्हाई. म्हनू देत. आता त्या सुईतनं वंगाळ निघालं तर तू माझ्या उशाला बसशील. मी वर आलो आन् तुला खाली उतरवला, असं व्हईल. त्ये मला नको हुतं.

पन तुझा अर्धा हार वाचला आन् वाटलं, न बघताच ह्यो पोरगा माझ्या उशाला बांधला गेलाय. मंग बघून तरी घिऊ. येतो मी. निकाल मला आदी सांगायचा, आन् जे असंल त्याचं नाव घिऊन सांगायचा. बाहीर नेऊन तुझ्या कानात न्हाई.

पोटभर जेवत जा. लोभ काय लिवायचा, लेकाला बापाचा ठावंच असतो.

आबा


नगर,
११ फेब्रुवारी २०२५

सौ. ताईस श्रीमंतचा सा. न. वि. वि.

निकाल कालच फोनवर कळवला, तरी लिहितो. फोनवर तू रडत होतीस आणि आत्या मागून काय म्हणाला, काय म्हणाला करत होती, त्यात अर्धं राहिलं. शिवाय आबा म्हणाले, तिलाबी लिही, कागद ऱ्हातो.

डॉक्टरांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं. मी गेलो नाही. म्हटलं, जे आहे ते आबांसमोर सांगा, तसं ठरलंय. ते खुर्ची ओढून आबांच्या जवळ बसले. तुकड्यात कॅन्सर नाही. कोळशाची धूळ साठून झालेली गाठ आहे. पण जे फुप्फुस वाळून गेलंय ते परत यायचं नाही. धाप राहणार, कदाचित वाढेल. गाठ बदलते का ते बघायला अधूनमधून स्कॅन करावा लागेल. बिडी आजपासून बंद.

आबांनी रोगाचं नाव विचारलं. न्यूमोकोनिओसिस म्हटल्यावर दोनदा पुन्हा म्हणायला लावलं आणि म्हणाले, आपल्या अख्ख्या भावकीत एवढं मोठं नाव कुनाचं न्हाई. नर्सबाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. मग बिडीचं बंडल काढून डॉक्टरांच्याच हातावर ठेवलं. काडीपेटी मात्र परत खिशात घातली, म्हणे आक्काला चुलीला लागती.

सुईच्या दिवशी मात्र मी घाबरलो होतो, तुला म्हणून सांगतो. आबा आत आणि मी बाहेर, सगळ्या पाट्या वाचून काढल्या, पाणी वाया घालवू नका इथपर्यंत. बाहेर आणलं तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, काय खाल्लंस का?

उद्या दुपारच्या गाडीनं घरी येतोय. आत्याला म्हणावं, भाकरी मऊ कर, कडक चावताना त्यांना दम लागतो.

आणखी एक. आज शिर्डीच्या ओळखीच्या माणसाचा फोन आला. इंदूरला कांद्याची गाडी निघालीय, सोबत माणूस पाहिजे म्हणाला. आबांनी पडल्या पडल्या ऐकलं. म्हणाले, जा. म्या एसटीनं जाईन, ज्ञानेश्वरी उतरवून घील. मी म्हटलं, जातो. आणि बसून राहिलो. थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, गाडी निघून जाईल. मी पुन्हा म्हटलं, जातो. मग ते भिंतीकडं सरकले आणि पलंगावर माझ्यापुरती जागा केली.

तुझा,
श्रीमंत