ऊन वाळूवरचं कापड

आबुला, मालाइता बेट
ता. २ सप्टेंबर

चि. मेरोलिन हिला आजी केझियाचे अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र आमचा हेन्सन लिहितो आहे. चर्चमध्ये ज्या खोकत्या सुरात तो बायबल वाचतो, त्याच सुरात मला माझीच वाक्यं परत वाचून दाखवतो. तेव्हा माझं बोलणं कुठे पवित्र वाटलं तर तो दोष त्याचा.

कॉलेजानं तुला इंटर्नशिपसाठी सोगाराला पाठवल्याचं तुझ्या मावशीकडून कळलं. इंटर्नशिप म्हणजे काय ते हेन्सनला विचारलं. तो म्हणाला, परक्या घरी जायचं, त्यांच्या रीतीनं काम शिकायचं, फुकट राबायचं आणि शेवटी त्यांनीच आपल्याला शेरा द्यायचा. आमच्या वेळी त्याला लग्न म्हणत.

सोगारा माझं माहेर, हे तू विसरली असशील. डोंगराच्या पोटातल्या आगीनं तिथली वाळू ऊन राहते. पाखरं तीत अंडी पुरतात आणि खुशाल निघून जातात. पिल्लं आपली आपण उकरून वर येतात आणि त्याच दिवशी उडतात. पाखरं कमी झाली म्हणून गावानं स्वतःहून ख्रिसमसपर्यंत ते रान बंद केलंय, राखणीला गावचीच माणसं बसवलीत, हे चांगलं झालं. त्यांचं ऐक. पुस्तकातलं त्यांना शिकवायला जाऊ नको.

माझा भाऊ सेल्विन तिथेच आहे. त्याच्यासमोर माझं नाव काढू नको. माझ्या लग्नात त्यानं तुझ्या आजोबांचा जबडा मोडला. बिचाऱ्यांना पुढे कधी शीळ वाजवता आली नाही, घराला तेवढीच शांतता. त्यानंतर आम्ही बहीण-भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. मोफात आणि इरोनी हे त्याचे नातू, म्हणजे तुझे भाऊच. हात त्याच घराण्याचे आहेत, अंतर ठेवून बोल.

ख्रिसमसला रान उघडलं की मी येणार. भावानं मारलं तरी येणार. हे दुखरे गुडघे एकदा त्या ऊन वाळूत गाडून बसायचंय आणि स्वतः उकरलेलं एक अंडं खायचंय. त्याआधी एखादं बोटीनं पाठवशील का, असं हेन्सनला लिहायला सांगणार होते. पण रान बंद आहे. बघ, राखणदाराची आजीच पहिली चोर.

कळावे. लोभ जेवढा आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर मला फेडावा लागेल.

तुझी आजी


सोगारा
ता. १९ सप्टेंबर

ती. आजीस मेरोलिनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नेस्टामावशीनं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. लग्नाच्या वाक्याला बायका इतक्या हसल्या की एकीची सुपारी घशात अडकली. नेस्टामावशी राखणीची मुख्य आहे. इथे काय मोजायचं, कुठे चालायचं, कधी गप्प बसायचं हे तीच सांगते.

मी पहाटे बंद रानाभोवती बांधलेल्या दोरीच्या कडेनं चालते आणि नवी बिळं बघते. पहिल्या आठवड्यात मोफातची कुत्री आत शिरली आणि पाखरं फाडू लागली. मावशीनं मला एका कुत्र्याचे मागचे पाय धरायला सांगितले. मी धरले. तिनं वल्ह्यानं डोकं फोडलं. ते लगेच मेलं नाही. माझ्या गळ्यापर्यंत रक्त उडालं. मग त्याच हातांनी तिनं रताळी सोलली आणि मला म्हणाली की, जेव, दुपारी अजून दोन आहेत. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं.

राजधानीत, होनिआराच्या बाजारात अंड्यांना गिऱ्हाईक आहे म्हणून मोफात आणि इरोनी परवा पहाटे कोयते घेऊन आले. राखणीवरच्या आपल्या रूबेनमामानं दोरी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. इरोनीनं त्याला बजावलं की बायकांच्या राखणीत बायकोसारखा उभा राहू नकोस, आणि दोरीवर कोयता मारला. मामाची दोन बोटं गेली. वाळूत पडली. वाळू ऊन, त्यामुळे मी उचलली तेव्हाही ती जिवंत असल्यासारखी ऊन होती. मग जो तो हाताला लागेल ते घेऊन धावला. त्या गोंधळात कुणाच्या तरी हातून दगड सुटला आणि मोफातच्या डोळ्यावर बसला. त्याला बोटीनं होनिआराच्या दवाखान्यात नेलंय. डोळा गेला म्हणतात.

सेल्विन आजोबा किनाऱ्यावर उभे राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले की, मोफात परत येऊ दे, डोळ्याची भरपाई डोळ्यानं होणार नाही, जिवानं होईल. तू काळजी करू नको. माझ्या खांद्याला थोडंच लागलंय.

तब्येत सांभाळ, आणि रागावलीस तरी पत्र पाठवत जा.

तुझी मेरोलिन


आबुला
ता. २७ सप्टेंबर

चि. मेरोलिनला अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या पत्रात सगळ्यांची नावं आहेत. कुत्र्याचे पाय कुणी धरले, बोटं कुणी उचलली, सगळं आहे. फक्त दगड तेवढा ‘कुणाच्या तरी’ हातून सुटला. मला अक्षर येत नाही, पण नात कळते. लहानपणी आंबे पाडताना तुझा नेम कधी चुकला नाही.

निघून ये असं म्हणणार होते. पण तू निघालीस तर ते तो जीव नेस्टाकडून घेतील. म्हणून आता नीट ऐक.

माझ्या लग्नानंतर सेल्विन तुझ्या आजोबांना मारायला निघाला होता. जबड्यानं त्याचं समाधान झालं नव्हतं. त्यानं स्वतः कोरलेली होडी पाण्यात ढकलली, आत कुऱ्हाड ठेवली. मी माझं नेसूचं सोडलं आणि त्या होडीवर टाकलं. सोगाराची रीत अशी आहे की बहिणीनं ज्यावर आपलं नेसूचं टाकलं त्याला भाऊ, भावाची मुलं, नातवंडं जन्मात शिवत नाहीत. शिवणं म्हणजे बहिणीच्याच अंगाला हात लावणं. बहिणीलाही ती वस्तू पुन्हा वापरता येत नाही. बहिणीच्या मुलीकडच्यांना मात्र मोकळीक. मलाही ती होडी चालेना, म्हणून आम्ही दोघं तुझ्या आजोबांच्या गळक्या नावेतून पाणी उपसत आलो आणि ती सुंदर होडी तिथेच कुजली. जबडा मोडल्याचं मी केव्हाच विसरले. होडीचं तो विसरलेला नाही.

पत्राबरोबर बिस्किटांचा डबा आहे. आत बिस्किटं नाहीत, उगाच हुरळू नको. माझं लाल नेसूचं आहे. रानाच्या तोंडाशी खांब आहे, त्याला नेस्टाच्या देखत बांध आणि कुणाचं आहे ते मोठ्यानं सांग, म्हणजे सगळं रान त्याखाली येईल. तुझं स्वतःचं टाकायचा विचार मनात आणू नको. मोफातची बहीण तूही लागतेस, रीत तुलाही चालेल, पण मग तुझंच पाऊल त्या रानात पडणार नाही. काम अर्धं टाकलंस तर शेरा कोण देईल?

इथवर लिहून हेन्सननं पेन थांबवलं आणि विचारलं, मग तुमच्या गुडघ्यांचं काय. मी म्हटलं, तू लिही.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू. बोट सुटते आहे.

तुझी आजी


सोगारा
ता. १२ ऑक्टोबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

डबा शनिवारी मिळाला. त्याच संध्याकाळी मोफातच्या माणसांनी राखणीची झोपडी पेटवली. आत रूबेनमामा होता. आम्ही भिंतीचं ताडपान फाडून त्याला ओढून काढलं, पाठीची कातडी पानांना चिकटून राहिली. तो जगेल असं नर्स म्हणते.

त्यानंतर खांबाला कापड बांधून होतं न होतं तोच ते पंधरा-वीस जण आले. दवाखान्यातून परतलेला, एक डोळा बांधलेला मोफात पुढे होता. मी ओरडून सांगितलं की हे केझियाचं आहे, सेल्विनच्या बहिणीचं. इरोनी म्हणाला, आबुलाहून काय, कुठूनही चिंधी आणून बांधता येते. त्यानं दोरीवरून हात घालून माझे केस धरले आणि बाहेर ओढत कोयता वर उचलला. मी खांब धरून ठेवला होता. त्याचं पाऊल आत पडणार, तेवढ्यात मागून सेल्विन आजोबा आले आणि कोयत्याच्या पाठीनं त्याच्या मनगटावर असा घाव घातला की हाड मोडलेलं सगळ्यांना ऐकू आलं. मग त्यांनी मोफातच्या हातातला कोयता काढून घेतला, दगडावर आपटून वाकवला. बाकीच्यांनी आपले आपणच खाली टाकले.

आजोबा दोरीच्या बाहेर बसले. त्यांनी कापडाकडे बोट केलं. मग मला म्हणाले की या बाईनं मला दुसऱ्यांदा किनाऱ्यावर बसवलं, आधी होडी नेली, आता बापाचं रान. होडी अजून तिथेच आहे, आजी. वेलींनी झाकलीय. त्यांनी कुणालाही ती जळणाला नेऊ दिलेली नाही. उठताना त्यांनी मला विचारलं, केझियाला दात किती उरलेत.

तुझे गुडघे आणि ते अंडं माझ्या ध्यानात आलं ते गाठ मारून झाल्यावर. आधी आलं असतं तरी मी गाठ मारली असती, हे लिहिताना मला लाज वाटते.

दगड माझ्याच हातून सुटला. डोळ्याच्या भरपाईत मी रोज मोफातच्या घरी पाणी भरावं असं नेस्टामावशीनं आणि आजोबांनी ठरवलंय. काल मोफातनं भरलेली बादली पायानं लवंडली. मी पुन्हा भरून आणली.

माझ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही पाठव, जे उरलं असेल ते.

तुझी मेरोलिन


आबुला
ता. २२ ऑक्टोबर

चि. मेरोलिनला अ. उ. आ. वि. वि.

हेन्सननं तुझं पत्र दोनदा वाचलं. कातडीच्या ठिकाणी तो दोन्ही वेळा खोकला. रूबेनच्या पाठीला खोबरेल लावा, फार बोलायला लावू नका.

बादली लवंडली तर लवंडू दे. तुझ्या आजोबांनी जबडा बांधलेला असताना माझ्या हातचं पाणी असंच तीन वेळा सांडलं होतं, भाऊ माझा होता म्हणून. पुढे आयुष्यभर माझ्याच हातचं प्यायले. मोफात पिईल किंवा पिणार नाही. तू भर. कॉलेजात जायची वेळ आली आणि तो प्यायला नसेल, तर सुट्टीत परत जाऊन भर.

सेल्विनला सांग, दात चार उरलेत, त्यातला पुढचा त्याच्यासाठी राखून ठेवलाय. आणि हेही सांग की भावाच्या घरात लग्न होऊन आलेल्या बायका परक्या घरच्या असतात, त्यांना माझं कापड आडवं येत नाही. रान उघडलं की इरोनीनं आणि मोफातनं बायकांपुढे हात पसरून अंडं मागावं. नीट मागितलं तर मिळेल; बायकांनी उकरून हातात दिलेलं त्यांना चालतं, कापड टाकणारीला तेही चालत नाही.

मी ख्रिसमसला येतेय. एकच लुगडं अंगावर उरलंय, फाटकं आहे, तेव्हा होडीवर किंवा कशावर टाकायची आता भीती नको. त्याच्या शेजारी दोरीबाहेर बसेन. तुम्ही उकरा, आम्ही दोघं बाहेरून तुमच्या चुका काढू. तो होडीची आठवण काढेल, मी तुझ्या आजोबांच्या शिळेची काढेन, त्यात दिवस जाईल.

माझ्यासाठी अंडं ठेवू नका. ते आता मला चालत नाही. फक्त उकडायला चूल मांडाल तेव्हा वारा वास कुठे नेतो ते आधी बघा, आणि मला त्या बाजूला बसवा.

तुझी आजी, जिच्या लोभाचं यंदा तू काही शिल्लक ठेवलं नाहीस