जावेची कोरफड

॥ श्री ॥

मु. माले, मुळशी
दि. २६ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. रत्नाबाई हिस थोरल्या जावेचा आशीर्वाद. कोंडाजी भावजींनाही सांगावा.

इकडे सगळे खुशाल आहेत. भाताची झोडणी झाली, आंबेमोहर यंदा बरा उतरला. म्हातारी म्हैस आटली. तुझा लिफाफा शुक्रवारी मिळाला. त्यात कोरफडीची चौकशी तीन ठिकाणी आहे आणि माझी एका ठिकाणी, तीही मायन्यात, रीत म्हणून. तेव्हा आधी कोरफडीचंच लिहिते.

तुझी कोरफड मेली.

गणपतीच्या आधीच मेली. इतके दिवस कळवलं नाही, कारण कळवावंसं वाटलं नाही. पानं आधी पिवळी झाली, मग बुडाशी पाणचट. एक दिवस हात लावला तर अख्खा गड्डा हातात आला. खाली मूळ म्हणून काही उरलं नव्हतं, नुसता घाण वासाचा लगदा होता.

आता तू भावजींना म्हणशील की वहिनींना काय कळतंय, सांगितलेलं डोक्यात राहिलं नसेल. राहिलं आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये बिऱ्हाड पुण्याला हलवताना तू मला माजघरात उभं करून ते पाठ करून घेतलंस, शाळेतल्या पोरीसारखं. खोलीत उजेड नाही म्हणून कोरफड इथं ठेवतेय, म्हणालीस. मग एकेक सांगत गेलीस. आपल्या मुळशीच्या पावसात ती बाहेर ठेवायची नाही, खिडकीतच ठेवायची. मातीत बोट खुपसून बघायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं. वीस दिवसांनी एक भांडं, तेही कडेनं, मधल्या गाभ्यात थेंब जाऊ द्यायचा नाही. कुंडीचं भोक मोकळं ठेवायचं. पावसाळ्यात तर विसरूनच जायचं. बघ, एक शब्द चुकला का?

मी तिला रोज पाणी घातलं. रोज सकाळी तांब्या भरून, अगदी गाभ्यात. कुंडीचं भोक चिंधीनं बुजवलं होतं. बाहेर धो धो पाऊस, घरात भिंती ओलावलेल्या, आणि मी आपली तांब्या घेऊन खिडकीशी. शेजारच्या गोजराबाई विस्तव न्यायला यायच्या, त्या एकदा म्हणाल्या, "लई जीव लावतीस गं चंद्रे जावंच्या झाडाला. माझ्या जावंचं असतं तर वाळून कोळ झालं असतं बग." मी म्हटलं, "ठिवून गेलीय इस्वासानं, घालाय नको व्हय पानी?" आळीत माझं कौतुक झालं. असं कौतुक मला तुझ्या लग्नानंतर या घरात पहिल्यांदाच मिळालं, म्हणून तेही लिहिते.

कोरफड आत्याबाईंची, आपल्या सासूची होती, हे तुला माहीत आहे. त्यांचं हगणं-मुतणं मी काढलं. तू तेव्हा नवी होतीस, तुला कुणी हात लावू दिला नाही. पण जाताना कुंडी त्यांनी तुला दिली. म्हणाल्या, "चंद्रीच्या हाताला दम न्हाई, रत्नीच्या हाताला हाय." मला ते लागलं. आज बारा वर्षांनी सांगते की लागलं, आणि अजून लागतं.

त्या बरोबर बोलल्या होत्या, हेही लिहून टाकते, म्हणजे तुझ्या उपकाराची बाकी माझ्यावर राहायला नको. माझ्या रंभीच्या पायावर कढत पेजेचं भांडं सांडलं तेव्हा मी लावणीला गेले होते. घरी तू होतीस. तू पान चिरून गर लावलास आणि पुढे महिनाभर लावत होतीस. रोज एक पान, जास्त नाही, झाड दमेल म्हणून. मी दोनदा लावायला गेले तर पोर ओरडली. घाईनं मी कातडीच सोलवटली. मग ती तुझ्याच मांडीवर पाय ठेवून बसायची. पाय बरा झाला. पोर काही मांडीवरून उतरली नाही.

शाळेसाठी तिला पुण्याला नेतो म्हणालात तेव्हा मी माझ्या तोंडानं "न्या" म्हटलं. इथं चौथीपुढे शाळा नाही, आणि मी चौथीलाच अडकलेली बाई आहे. मीच तिचं बोचकं बांधलं. शाळेत तुम्ही तिचं नाव रजनी घातलंत, ते मला सहा महिन्यांनी तिच्या वहीवरून कळलं.

या मे महिन्यात ती आली. फाट्यावर उतरवून घ्यायला मी गेले होते. कंडक्टरनं तिला विचारलं, "कोन गं ही तुजी?" तर म्हणाली, "ही माझी गावची आई." खोडी म्हणून नाही, सरळ बोलली, जशी गावची शाळा, गावचं घर. महिनाभर राहिली. "आई असं करते, आई तसं करते" असं चाललेलं असायचं, आणि ती आई म्हणजे तू. माझ्या हातची भाकरी तिला जाड लागली.

ती परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी पाणी घालायला लागले. तुझं एवढं एकच माझ्या हाताशी होतं.

दिवाळीला मी करंज्या करून वाट बघितली. पोर आली नाही. तिच्याऐवजी हा तुझा लिफाफा आला. ऊन लागून रजनीच्या मानेवर पुरळ उठलंय, तेव्हा कोरफड पाठवा, आणि सोबतच्या कागदावर सही करून पाठवा. एका ओळीत दोन्ही. नव्या कायद्यानं आता मुलगीही दत्तक घेता येते आणि आईची संमती लागते, हे भावजींनी किती छान अक्षरात समजावलंय. ह्यांनी सहीही करून टाकली, जेवायच्या आधी. म्हणाले, "पोरीचं कल्यान हुईल, तू आडवी पडू नगंस." मी त्यांना वाढलं, पण तेव्हापासून बोललेले नाही.

म्हणजे घ्यायची ती पोर घेतलीत, नाव बदललंत, आता तेवढी माझी सही राहिलीय, आणि तीही तू पुरळावरच्या औषधाबरोबर मागवलीस. रत्ने, तू माणूस म्हणून वाईट नाहीस, हीच मोठी अडचण आहे. वाईट असतीस तर मी त्याच दिवशी एस. टी. धरून तुझ्या दारात आले असते आणि चार पेठांना ऐकू जाईल असं भांडले असते.

सोमवारी मी कुंडी उकिरड्यावर रिकामी करायला नेली. उपडी केली तर लगद्याच्या कडेला एक पिलू निघालं, करंगळीएवढं, टणक, हिरवं. मी इतकं करूनही ते कसं जगलं कोण जाणे. ते तिथंच फेकावं म्हणून हात उचलला होता, खोटं सांगत नाही. पण आणलं घरी. भोकातली चिंधी काढली, नदीची वाळू आणि विटेचा चुरा घालून लावलं, कडेनं एक भांडं पाणी दिलं. आता वीस दिवस हात लावणार नाही. खिडकीशी जाते, तांब्या उचलावासा वाटतो आणि परत येते. पाणी न देण्याला एवढा दम लागतो हे मला ठाऊक नव्हतं.

तुझा कागद मी त्या कुंडीखाली ठेवलाय.

वीस दिवस म्हणजे १४ डिसेंबर, रविवार, शाळा नाही. त्या दिवशी रंभीला घेऊन ये. भावजी नकोत, तू ये. मातीत बोट तीच घालेल, पाणी तीच देईल, कसं ते तूच शिकव, तुझा हात चांगला आहे. मग माझ्यासमोर तिला विचारू, कागद बाहेर काढू की तिथंच भिजू देऊ. ती म्हणाली काढा, तर मी तुझ्यादेखत सही करीन, मला सही येते. पण तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय करणार नाही, ह्यांनी उपाशी ठेवलं तरी नाही.

आणि तू तिला आणलं नाहीस तर पंधरा तारखेला पहिल्या गाडीनं मी येते. कुंडी घेऊन नाही, बोचकं बांधायला येते.

पुरळाला कडुलिंबाचा पाला उकळून लाव. लहानपणी तिला त्यानंच उतार पडायचा. हे तुला माहीत असायचं कारण नाही.

रंभीची आई
(गावची नव्हे, नुसती)
चंद्राबाई