गुरुजींची काळी एक

सांगली, सोमवार, १२ ऑगस्ट १९७४

आज सिंधूवर ओरडले. मळ्यातून सायकल मारत गाणं शिकायला येते पोरगी, एकदाही चुकवत नाही. खालचे सूर तिला लागेनात. म्हणाली, "बाई, लय खाली हाय वो. जरा वरनं धरू का?" मी पेटीची पहिली काळी पट्टी, काळी एक, दाबूनच धरली. "सूर मी ठरवणार. तू फक्त लाव."

हे वाक्य माझं नाही. साताऱ्याला गुरुजी म्हणायचे, अगदी याच आवाजात. काळी एक त्यांच्या पुरुषी गळ्याला सोयीची. आम्ही तिघी मुली त्याच सुरात घसा खरवडत बसायचो. नववीत असताना एकदा धीर करून मी हेच विचारलं, तर महिनाभर नुसती पेटी पुसायला लावली. पुन्हा नाही विचारलं. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, आपण शिकवू तेव्हा प्रत्येकीला तिचा सूर देऊ. मग इतकी वर्षं काय करतेय मी?

सिंधू गेल्यावर दार लावून घेतलं. काळी चार धरली, बाईच्या गळ्याला बसते ती. यमन सुरू केला. आवाज असा मोकळा निघाला की मीच दचकले. दुसऱ्या ओळीला थांबले. कुणी रागवेल असं वाटलं. कोण रागवणार? गुरुजी जाऊन पाच वर्षं झाली.

बोट आपोआप काळी एकवर आलं.

गुरुवारी सिंधू येईल. आता ती विचारणार नाही. मी तरी कुठं परत विचारलं होतं?