नाव न घेता मारलेली हाक

४ ऑक्टोबर, बोईसर
सामान लागलं एकदाचं. नवऱ्याला, भाग्येशला, कारखान्यात दुपारची पाळी, त्यामुळे संध्याकाळचं घर माझं एकटीचं. गॅलरीतून खाडीकाठचं खाजण दिसतं, वारा खारट लागतो. वैभवीने जपानहून फोनवर पत्त्यांचं ॲप टाकायला लावलं. ती तिथे वृद्धाश्रमात काम करते; तिथल्या आज्यांनी तिला हा खेळ शिकवला, हानाफुदा. बारा महिन्यांची फुलं, प्रत्येकाची चार पानं. फुलाला फूल जुळवून उचलायचं. आता रोज तिन्हीसांजेला आम्ही मायलेकी खेळणार. आज मला गवतावरचा चंद्र मिळाला. किती गोड चित्र!

७ ऑक्टोबर
डाव जमला की दोन बटणं येतात. ‘थांब’ दाबलं तर गुण पदरात. ‘कोई-कोई’ दाबलं तर खेळ पुढे, पण समोरच्याने आधी जमवलं की सगळं त्याचं. कोई-कोई म्हणजे ‘ये, ये’, असं वैभवी म्हणाली. मी गॅलरीत बसून बटण दाबताना मोठ्याने म्हणते, ये गं, ये. लेक लांब असली की असले चाळे सुचतात.

९ ऑक्टोबर
मासळीवाली सुगंधा दारात थबकली. कोणाला हाकारतंस गो ताय, म्हणाली. मी खेळ दाखवला. तिचा चेहरा उतरला. आमच्यात खाजणाकडं तोंड करून नाव घेतल्याबिगर ये बोलत नाय. जो मोकला हाय, बिननावाचा फिरतो, तो उठून येतो. मग मूठभर मांदेली जास्त टाकत म्हणाली, जपानी भूत आला तर त्याला कालवण घाल, तिखट कर. दोघी हसलो.

१२ ऑक्टोबर
आज वैभवी फार सुरेख खेळली. एकदाही ‘थांब’ दाबलं नाही तिने. कौतुक करायला फोन केला. ती म्हणाली, आई, आठवडाभर रात्रपाळी आहे, ॲप उघडलेलंच नाही.
मग समोर कोण —

१३ ऑक्टोबर
ॲप काढून टाकलं. तिन्हीसांजेला गॅलरीतून आवाज आला. ये गं, ये. माझाच आवाज. मी स्वयंपाकघरात होते.

१४ ऑक्टोबर
वैभवीचा घाबराघुबरा फोन. स्टेशनवर मी रुळांपलीकडून हाक मारली म्हणे. ती निघालीच होती. कुणा म्हाताऱ्याने दंड धरून मागे ओढलं, म्हणून —
तिला खोलीबाहेर पडू नकोस म्हटलं.

१५ ऑक्टोबर
सुगंधाला गाठलं. आज हसली नाही. बिननावाचा बोलावलास, आता त्याला एक नाव लागंल, म्हणाली. तू नाय दिलंस तर पोरीचाच घेल.

१६ ऑक्टोबर
वैभवी फोनवर. आई, तू खाली उभी आहेस, दिसतेयस मला, म्हणते. बाल्कनीचं दार उघडल्याचा आवाज — पाचवा मजला —
खाजणाकडे तोंड केलं. माझंच नाव घेतलं. दीपालीकडे ये. इकडे ये.
वैभवी रडतेय. खाली कोणी नाही म्हणते. गेलं म्हणते. झोप बाळा, म्हटलं. फोन ठेवला.
जिन्यात पावलं. भाग्येशची नाहीत —
दाराबाहेर कोणीतरी माझ्याच आवाजात विचारतंय, येऊ का.
नाही म्हटलं तर परत तिच्याकडे —
मी म्हटलं, य—