विष्णूच्या विलापाला वन्समोर

कल्याण, माघ वद्य पंचमी, शके १८०६

आजचं नाटक गाजलं. मंडळीचे मालक दादा सूत्रधार, त्यांचा मेहुणा राजा, चुलता विदूषक, धाकटा भाऊ विष्णू नायिका; सगळं घरच रंगलेलं. विष्णूचा विलाप ऐकून माझ्यासारख्या मीठविक्याचेही डोळे भरले. "वन्समोर!" पहिली आरोळी माझीच.

विंगेलगत बसलेलो, आणि कान हे असे तिखट. विष्णू आत जाऊन म्हणाला, "दादा, विलापाआधी सांगितलंस ते खरं का रे? आई गेली?"

"दुपारीच. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग मलाच आत्ता का?"

"एरवी असा रडला असतास? जा, पुन्हा म्हण. आई कुठं जात नाही आता."

बाहेर वन्समोर चालूच. पदर सारखा करून तो आला. दुसऱ्यांदा आणखी सुरेल गायला. मी टाळ्या वाजवल्या. सगळं ऐकूनही? हो, ऐकूनही.